पाण्यात न पडलेला फोन

मोबाइल फोनच्या पोटात एक पांढरा ठिपका असतो. कागदाचा, साबुदाण्याच्या दाण्याएवढा. कोरडा असेपर्यंत तो पांढरा राहतो. पाणी लागलं की लाल होतो आणि मग कितीही वाळवा, पुन्हा पांढरा होत नाही. फोन विकताना दुकानदार कॅमेरा दाखवतो, बॅटरी किती चालते ते सांगतो, या ठिपक्याचं नावही काढत नाही. फोन बंद पडला की लोक तो घेऊन सर्व्हिस सेंटरला येतात. आतला मेकॅनिक मागचं झाकण काढून ठिपका बघतो आणि बाहेर काउंटरवर बसलेल्या बाईला सांगतो, "लाल." ती बाई गिऱ्हाइकाला सांगते, "पाण्यामुळे बिघाड झालाय, वॉरंटीत बसत नाही."

ती बाई म्हणजे मी. आधी शिरूरला आणि नंतर दौंडला.

राहायला मी पहिल्यापासून दौंडची. वडील रेल्वेत होते. शिरूरच्या सेंटरला असताना रोज एसटीनं जायची-यायची. पुढे मालकांनी दौंडला शाखा काढली तेव्हा मला इकडे पाठवलं आणि एसटीतले धक्के संपले. काउंटर मात्र तसाच होता. तीच काच, तीच टोकनची चिठ्ठी, आणि काचेपलीकडे घामाघूम झालेला, घरून आधीच भांडण करून आलेला माणूस.

लोकांना वाटतं, सर्व्हिस सेंटर म्हणजे कंपनीच. तसं नसतं. पाटी कंपनीची असते, पण सेंटर गावातल्याच एखाद्या मालकानं चालवायला घेतलेलं असतं. आम्ही वॉरंटीत दुरुस्ती केली की कंपनी त्याचे फोटो मागवते. फोटोत ठिपका लाल दिसला की कंपनी हात वर करते आणि भुर्दंड मालकावर पडतो. त्यामुळे कंपनीला आम्ही ढिले वाटायचो आणि गिऱ्हाइकाला चोर. दोन्हीकडून बोलणी खायला जी जागा ठेवलेली असते तिला फ्रंट डेस्क म्हणतात.

खोटं बोलणारे पुष्कळ भेटले, पण त्यांचा राग कधी आला नाही. एक जण फोन पाण्यात पडलाच नाही म्हणून आईची शपथ घेत होता, आणि आत आमच्या मेकॅनिक नौशादनं चार्जिंगच्या भोकातून चिमट्यानं तांदळाचा अख्खा दाणा बाहेर काढला. फोन भिजला की तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचा, हे कुणी शिकवलं देव जाणे, पण घरोघरी करतात. मी तो दाणा कागदावर ठेवून काचेखालून पुढे सरकवला. त्यानं तो निरखून बघितला आणि म्हणाला, "इंद्रायणी हाय. आमच्याकडं कोलम असतो. हा आमचा न्हाईच."

शिरूरला एक दूधवाले आले होते. फोन कॅनमध्ये पडला होता. त्यांनी वॉरंटीचा कागद घरून वाचून आणला होता. म्हणाले, "मॅडम, ह्यात पाणी लिव्हलंय. माझा फोन दुधात पडला. दुधाचं कुठं लिव्हलंय दाखवा." मी काही बोलायच्या आत बाकावर बसलेली एक म्हातारी म्हणाली, "तुमच्या दुधात पडला म्हंजी पाण्यातच पडला की ओ." सगळं सेंटर हसलं. दूधवाले पण हसले, आणि फोन तसाच घेऊन गेले.

आणि निमोण्याचे एक आबा होते. पांढरं धोतर, हातात फोन, तोही धोतराच्या सोग्यात गुंडाळलेला. मी ठरल्याप्रमाणे विचारलं, "पाणी लागलंय का?" तर म्हणाले, "लागलंय म्हंजी? हिरीत पडला. मोटार चालू करताना खिशातून सुटला. गडी उतरवून काढला." मी म्हणाले, "आबा, मग वॉरंटीत नाही बसणार." त्यांनी फोन पुन्हा सोग्यात गुंडाळला. मग म्हणाले, "माझ्या आधी त्यो पोरगा गेला, त्यानं सांगितलं पाणी न्हाई लागलं. त्याचं झालं का?" मी म्हणाले, "त्याचंही नाही झालं." आबा म्हणाले, "मंग ठीक हाय," आणि निघून गेले. त्यांना कसलं समाधान मिळालं ते मला समजलं, आणि कसलं मिळालं नाही तेही.

अशी वर्षं गेली. सकाळी शटर वर जायचं तेव्हाच मान दुखायला लागायची. माणसांकडे बघायची सवय सुटत गेली, हातातल्या फोनकडे बघायची लागली. अशातच एका उन्हाळ्यात कासुर्डीची सविता आली.

तिशीच्या आतबाहेरची असेल. टोकन न घेताच थेट काचेशी आली आणि फोन काढायच्या आधी म्हणाली, "मॅडम, हा फोन पाण्यात पडलेला न्हाई. आधीच सांगते."

जे आधीच सांगतात त्यांच्याबद्दल आम्हाला संशय जास्त. मी टोकन घ्यायला सांगितलं. नंबर आल्यावर फोन आत गेला, आतून नौशाद म्हणाला, "लाल." मी कॉम्प्युटरवर कारण निवडलं, कागद छापला आणि तिच्यापुढे ठेवला. त्यावर इंग्रजीत एक ओळ होती. तिनं विचारलं, "काय लिव्हलंय?" मी सांगितलं, "फोनला बाहेरून द्रव लागल्यामुळे बिघाड झाला."

"कुठं लागला?"

"ते आम्हाला नाही सांगता येत."

"मंग लागला हे कसं सांगता येतं?"

मागे रांग होती. मी ठिपक्याचं सगळं सांगितलं, जसं सगळ्यांना सांगायची तसं, एका दमात. तिनं कागदाची घडी घातली आणि गेली. आमच्या हिशेबात ती केस तिथंच संपली.

ती तिच्या कामाच्या पुढच्या सुट्टीला परत आली. एका हातात बंद फोन होता, दुसऱ्या हातात तो कागद, घड्या जास्त पडलेल्या. म्हणाली, "ताई, हा कागद घरी दाखवला. सासूबाई म्हणतात, कॅनॉलवर धुणं धुताना पाडला आन् आता कंपनीच्या नावानं बोंब मारते. ह्यांनी पण कागद वाचला. म्हणतात, कंपनीला काय तुझ्याशी दुश्मनी हाय का? एक वस्तू संभाळता आली न्हाई, आन् वर खोटं बोलते, तर बास झालं ते कामाला जाणं."

"काम कुठं करता?"

"भांडगावला. मशरूमच्या शेडवर. मला आत्ताच लीडर केलंय. क्रेट भरलं की फोटो काढून ऑफिसला टाकायचा असतो. फोन न्हाई तर लीडर दुसरी करतील. आन् घरातनं तर सोडायलाच तयार न्हाईत."

खरं सांगायचं तर तेव्हाही मी नियमच सांगणार होते. पण नौशाद आतून बाहेर आला. हा मूळचा गोरखपूरकडचा, बरीच वर्षं आमच्याकडे, बोलायला कमी. मला म्हणाला, "मॅडमजी, ज़रा अंदर आइए. उस दिन ही बोलने वाला था."

तिचा फोन उघडून त्यानं भिंगाखाली ठेवला. एरवी पाण्यात पडलेला फोन मी पुष्कळ वेळा बघितलेला. पाणी एका बाजूनं शिरतं, तिथं हिरवट गंज धरतो, मातीचा ओघळ दिसतो, कॅनॉलचं पाणी असेल तर वासही येतो. या फोनमध्ये ओघळ नव्हता. सगळीकडे सारखा, पिठी भुरभुरावी तसा बारीक गंज. नौशाद म्हणाला, "ये पानी नहीं है. ये भाप जैसा कुछ है."

मी बाहेर येऊन सविताला विचारलं, शेडमध्ये काय असतं? ती सांगायला लागली. मशरूमला थंडी लागते आणि ओल लागते. बंद खोल्या, आत एसी, वरून धुक्यासारखं पाणी उडवणारे पाइप. बाया आत स्वेटर घालून काम करतात. "आन् बाहेर आलं की उन्हाचा भपका. आमच्या सुपरवायझर बाई चष्मा लावतात, त्यांना दारातच थांबावं लागतं. काचा पांढऱ्या होत्यात. पुसल्याशिवाय दिसतच न्हाई."

चष्म्याचं ऐकलं आणि मी नौशादकडे बघितलं. त्यानं मान हलवली. फ्रिजमधली बाटली बाहेर काढून ठेवली की तिला घाम फुटतो. दिवसातून कितीदा तरी हा फोन तिच्या एप्रनच्या खिशातून आतबाहेर करत होता आणि दरवेळी आतून घामेजत होता. बाई खरंच बोलत होती.

आम्हाला असं करायची परवानगी नव्हती, तरी केलं. भंगारातला एक बंद फोन घेतला, त्यात नवा कोरा पांढरा ठिपका लावला, फोटो काढले, झाकणावर कागद चिकटवून त्यावर मी सही केली. सविताला म्हणाले, "हा खिशात ठेवायचा. शेडमध्ये जाशील तेव्हा जवळ, इतर वेळी डब्यात बंद. मी सांगेन तेव्हा आण." तिनं तो देवाचा प्रसाद घ्यावा तसा दोन्ही हातांनी घेतला. मला ते बघवलं नाही. मी म्हणाले, "अगं, यातून काय निघेल माहीत नाही हं."

काही आठवड्यांनी ती तो घेऊन आली. सही जशीच्या तशी होती. नौशादनं आमच्या दोघींच्या समोर झाकण काढलं. ठिपका कडेनं गुलाबी झाला होता, मध्ये अजून पांढरा होता. सविता पुढे वाकली. बोट लावून बघू का, असं तिनं विचारलं. मी हो म्हणाले.

फोटो लावून मी कंपनीला सविस्तर मेल पाठवला. माझं इंग्रजी काउंटरपुरतं, तरी शब्दकोश घेऊन बसले होते. दोनच ओळींचं उत्तर आलं. नमुना ग्राहकाच्या ताब्यात होता म्हणून तो पुरावा धरता येत नाही. शिवाय पाणी असो की हवेतली ओल, ठिपका लाल म्हणजे वॉरंटी नाही.

सविताला हे सांगितलं तर ती म्हणाली, "वॉरंटी जाऊ दे ताई. पण ती ओळ खोडा. द्रव लागला लिव्हलंय ती."

"ती ओळ मी लिहीत नाही गं. कॉम्प्युटरमध्ये कारणं ठरलेली असतात, त्यातलं एक निवडायचं असतं. हवेतली ओल असं कारणच त्यात नाही."

"म्हंजी त्यात न्हाई म्हणून मी खोटारडी?"

मी सेंटरचा कोरा कागद घेतला आणि मराठीत लिहिलं. या फोनमध्ये पाण्यात पडल्याची कुठलीही खूण आम्हाला दिसली नाही. थंड, दमट खोलीतून वारंवार उष्ण हवेत नेल्यामुळे ठिपका लाल होऊ लागतो, हे आम्ही करून पाहिलं आहे. खाली माझं नाव, सही आणि सेंटरचा शिक्का. नौशादनं पण सही केली, हिंदीत. शिक्का मी दाबून मारला. फार दिवसांनी काहीतरी केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा नवरा आला. दत्ता. कुरकुंभला एका कारखान्यात शिफ्टला जायचा, त्याच गणवेशात होता. दारातूनच त्याची चाल बघून नौशाद माझ्या मागे येऊन उभा राहिला. दत्तानं कागद काचेवर ठेवला.

"हे तुम्ही लिव्हलंय?"

"हो."

"खरं हाय का तिनं लिव्हून घेतलं?"

"भाऊ, तुम्ही आत या. तुम्हाला दाखवते."

नौशादनं त्याला आमच्याकडेच राहिलेला सविताचा फोन आणि तो भंगारातला फोन दाखवला, आणि शेजारी खरोखर पाण्यात पडलेला तिसरा. दत्तानं भिंगाला डोळा लावून पुष्कळ वेळ बघितलं. पडलेल्या फोनवरचा मातीचा ओघळ बघितला, मग पुन्हा सविताचा. मशीनवर काम करणारा माणूस, त्याला फार समजवावं लागलं नाही. उठला तेव्हा आल्यावेळचा ताव गेला होता.

"म्हंजी ती खरं बोलत होती," तो म्हणाला.

"हो."

"मी लई बोललो तिला." मग म्हणाला, "मंग फोन द्या."

मी भिंग बाजूला सरकवलं.

"चूक तिची न्हाई, तुम्हीच लिव्हून दिलंय. फोन वॉरंटीत हाय. मंग द्या की."

इतकी वर्षं मी काउंटरवर नाही म्हणत आले, पण त्या दिवशी नुसतं नाही म्हणून भागणार नव्हतं. त्याचं बोलणं सरळ होतं. मी सांगितलं की फोन देणं माझ्या हातात नाही, आणि मग जे सांगायचं नसतं तेही सांगितलं. ग्राहकाची तक्रार कुठे करायची, सोबत काय जोडायचं, त्यात काय लिहायचं. तो ऐकत होता आणि मोबाइलवर टिपून घेत होता.

त्यानं तक्रार केली. कंपनीचे साहेब आमच्या मालकांना बोलले, मालक मला बोलले. शिक्का माझ्या ड्रॉवरमधून निघून मालकांच्या केबिनमध्ये गेला. मालक वाईट नव्हते. म्हणाले, "वाघमारे मॅडम, तुम्ही माणुसकीनं केलं, कळतंय मला. पण उद्या कंपनीनं पाटी काढून नेली तर तुमच्यासकट सगळे घरी बसतील." त्यांचंही खोटं नव्हतं. मला तेव्हा कुणाशीच भांडायची ताकद राहिली नव्हती.

आणि मग एक दिवस खोकं आलं. नवा कोरा फोन, सविताच्या नावाचा. मी स्वतः तिला कळवलं. संध्याकाळी दोघं आली, मोटरसायकलवरून. सविता चांगली साडी नेसून आली होती. नौशादनं चहा मागवला. खोकं काउंटरवर ठेवलं, शेजारी सही करायचा कागद. सविता पेन हातात घेऊन म्हणाली, "ताई, वाचून दाखवा ना. इंग्लिशमध्ये हाय."

कागदावर चारपाच वाक्यं होती. ग्राहकाला कंपनी केवळ सदिच्छा म्हणून नवा फोन देत आहे. कंपनीची कोणतीही चूक नाही. इथवर मी सहज वाचलं. पुढची ओळ अशी होती की जुन्या फोनमधला बिघाड बाहेरून द्रव लागल्यामुळेच झाला, हे ग्राहकाला मान्य आहे.

ती ओळ मी गाळू शकले असते. खोटं बोलावं लागलं नसतं, नुसतं पुढच्या ओळीवर जायचं. खोकं समोर होतं, चहा आला होता, दत्ता हसत होता. मी गाळली नाही. आजही रात्री कधी आठवतं आणि वाटतं, गाळली असती तर काय बिघडलं असतं? तिला फोन मिळाला असता. मला याचं उत्तर सापडलेलं नाही.

मी वाचली. सविता म्हणाली, "परत वाचा."

मी परत वाचली.

"म्हंजी मी म्हणायचं, व्हय, माझ्याच हातनं पाणी लागलं?"

"कागदापुरतं. तुला माहीत आहे, आम्हाला माहीत आहे, घरच्यांना माहीत आहे..."

"ही ओळ काढा आन् मंग द्या."

"ती मला काढता येत नाही."

सवितानं पेन खाली ठेवलं. दत्ता तिच्याकडे बघत होता. त्या नव्या फोनसाठी त्यानं कामाचे खाडे केले होते, फोन लावून लावून जीव मेटाकुटीला आणला होता. मला वाटलं, आता हा म्हणेल, कर सही आन् चल. नौशादही तेच समजून पेन उचलायला पुढे झाला. दत्तानं त्या खोक्याकडे एकदा बघितलं, त्यावरच्या चित्राकडे. मग हातानं ते हळूच माझ्याकडे सरकवलं.

"ऱ्हाऊ द्या मॅडम," तो म्हणाला. आणि सविताला म्हणाला, "चल."

चहा तसाच राहिला. दोघं पायऱ्या उतरून गेली. सविता गाडीवर बसताना पदर सावरत होती आणि दत्ता तिच्यासाठी गाडी तिरकी धरून थांबला होता, एवढं काचेतून दिसलं.

सविताचं काम सुटलं नाही. दत्तानं त्याचा जुना फोन तिला दिला आणि स्वतः बटणांचा वापरायला लागला, हे मला पुढे बाजारात ती भेटली तेव्हा कळलं. शेडवरच्या बायांनी ऑफिसला सांगून फोन ठेवायला दाराबाहेर कप्पे करून घेतले, आणि फोटो काढायचं काम तिथं आणलं. मला याचा आनंद झाला. पण तो मागाहून. त्या संध्याकाळी फक्त ते खोकं समोर होतं आणि त्याचं काय करायचं हे मला ठरवायचं होतं.

मी ते परत पाठवलं. सोबतच्या कागदावर 'ग्राहकाने नाकारला' असं लिहिलं. असं याआधी कधी झालं नसावं, कारण काही दिवसांनी कंपनीतून एका मुलाचा फोन आला. आवाज कोवळा, बोलणं अदबीचं, मराठी शहरातलं.

"मॅडम, एक नवीन हँडसेट परत आलाय. कस्टमरला मॉडेल आवडलं नाही का?"

"मॉडेल आवडलं होतं."

"मग रंगाचा प्रॉब्लेम होता?"

"नाही. सहीच्या कागदावरची एक ओळ पटली नाही."

"कुठली?"

मी ती त्याला वाचून दाखवली. पलीकडे कीबोर्डचा आवाज आला. बहुतेक समोरच्या स्क्रीनवर शोधत असावा. मग म्हणाला, "पण मॅडम, ही ओळ तर सगळ्यांच्याच कागदावर असते."

"हो," मी म्हणाले, "सगळ्यांच्याच असते."